चाळीस लाख माणसे कोणाच्या बाजूची?

१८६०च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आठवी जनगणना झाली. गुलामगिरी चालू असलेल्या पंधरा राज्यांत प्रगणकांकडे दोन वेगवेगळे तक्ते होते. पहिल्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय, धंदा, जन्मस्थान लिहायचे. दुसऱ्यात मालकाचे नाव लिहायचे आणि त्याच्यापुढे एकेका ओळीत एकेक माणूस मांडायचा: वय, स्त्री की पुरुष, रंग. नावाचा रकाना या माणसांसाठी नव्हताच. पळून गेलेल्यांसाठी मात्र एक रकाना होता. त्या वर्षी देशभरातून त्यात हजार माणसेसुद्धा भरली नाहीत. तक्त्यातल्या एकूण ओळी मात्र ३९ लाख ५३ हजारांवर गेल्या.

पुढच्याच वर्षी त्या देशात यादवी युद्ध पेटले. या युद्धावरचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवातीलाच एक कोष्टक भेटते. एका बाजूला उत्तर, दुसऱ्या बाजूला दक्षिण. लोकसंख्या, कारखाने, रेल्वे, बंदुका. त्याच्या खाली किंवा पुढच्या पानावर युद्धाची कारणे. बलाबल एकीकडे, कारणे दुसरीकडे, जणू त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. माझे म्हणणे असे आहे की या युद्धात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. दक्षिण ज्या कारणासाठी लढली तेच तिचे सर्वांत मोठे बळ होते, आणि तेच तिला आतून पोखरत गेले. हे कोष्टकात दिसत नाही, कारण जनगणनेतल्या त्या बिननावाच्या ओळी कोष्टक करणाऱ्याने न विचारताच दक्षिणेच्या खाती टाकलेल्या असतात.

आधी ते कोष्टक नीट पाहू, कारण आकडे खोटे नाहीत. ३ कोटी १४ लाखांच्या त्या देशातून अकरा राज्ये फुटून निघाली. त्यांची लोकसंख्या सुमारे ९० लाख आणि त्यातले ३५ लाख गुलाम. संघराज्यात राहिलेल्या राज्यांत सव्वादोन कोटींच्या आसपास लोक होते. देशातल्या सुमारे ३०,००० मैल लोहमार्गांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक उत्तरेत होते, आणि दक्षिणेतल्या मार्गांची रुंदीही ठिकठिकाणी वेगळी होती. एका गावच्या स्टेशनात माल उतरवायचा, गाड्यांवर घालून गावातून न्यायचा आणि दुसऱ्या रुळांवर पुन्हा चढवायचा, असा प्रकार होता. कारखान्यांत तयार होणाऱ्या मालापैकी दक्षिणेचा वाटा जेमतेम दहावा होता. तोफा ओतू शकेल असा मोठा कारखाना एकच, पुढे दक्षिणेची राजधानी झालेल्या रिचमंडचा ट्रेडेगर. तिथेही भट्ट्यांपुढे गुलाम राबत होते.

इतके विषम पारडे असताना दक्षिणेतली शहाणीसुरती माणसे युद्धाला तयार कशी झाली? त्यांना आपण वेडे ठरवून मोकळे होतो, पण त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. उत्तरेला जिंकायचे तर साडेसात लाख चौरस मैलांचा मुलूख पादाक्रांत करावा लागणार होता. दक्षिणेला जिंकण्यासाठी काही घ्यायचेच नव्हते, फक्त टिकून राहायचे होते. अमेरिकेच्या वसाहतींनी बलाढ्य ब्रिटनशी तशीच चिवट झुंज देऊन स्वातंत्र्य मिळवले होते, आणि ती गोष्ट घरोघरच्या आजोबांना ठाऊक होती. सेनापतीही दक्षिणेकडे चांगले होते. रॉबर्ट ली याला आधी उत्तरेनेच सेनापतिपद देऊ केले होते. त्याने ते नाकारले आणि तो आपल्या व्हर्जिनियाकडे गेला. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकलेले, मेक्सिकोच्या युद्धात लढलेले, युद्धमंत्री राहिलेले. उत्तरेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा लष्करी अनुभव म्हणजे तरुणपणी काही आठवडे केलेली स्थानिक पलटणीतली चाकरी.

पण दक्षिणेच्या आत्मविश्वासाचा खरा पाया होता गुलाम. शेत पिकवायला, खंदक खणायला, सामान वाहायला, भट्ट्या पेटत्या ठेवायला ३५ लाख माणसे मागे आहेत, तेव्हा आमचा जवळजवळ प्रत्येक गोरा जवान आघाडीवर जाऊ शकतो, असा त्यांचा विचार होता. आणि तसे घडलेही. लढण्याच्या वयाच्या गोऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश तरी केव्हा ना केव्हा सैन्यात गेले. दुसरा पाया कापूस, म्हणजे पुन्हा गुलामांचीच मेहनत. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी चार पंचमांशाच्या जवळपास कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी १८५८ साली सिनेटमध्ये छातीठोकपणे सांगितले होते की कापूस हाच राजा आहे आणि जगात कोणाचीही त्याच्याशी लढण्याची छाती नाही. आपण कापूस रोखला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि ब्रिटिश आरमार झक मारत आपल्या मदतीला येईल, अशी दक्षिणेची खात्री होती. म्हणून १८६१ साली उत्तरेची नाकेबंदी अजून कागदावर होती तेव्हाच दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी स्वतः होऊन कापूस अडवून धरला.

इथे गोष्टीत आपला मुलूख येतो. ब्रिटनच्या गोदामांत आदल्या सालच्या भरघोस पिकाचा कापूस पडून होता, आणि तो संपत आल्यावर व्यापाऱ्यांनी नजर वळवली हिंदुस्थान आणि इजिप्तकडे. १८६२ साली ब्रिटनला मिळालेल्या कापसाचा बहुतांश भाग हिंदुस्थानातून गेला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मुंबईच्या बंदरातून जहाजांत चढला. तो आखूड धाग्याचा, काडीकचऱ्याने भरलेला. लँकेशायरच्या कामगारांना तो इतका नकोसा वाटे की ‘सुरत’ हा शब्दच तिकडे वाईट मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. पण गिरण्यांना तो घ्यावा लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, बॅक बे भरून काढण्याच्या कंपनीचे भाग चढत्या भावाने विकले गेले, व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलू लागला. १८६५च्या वसंतात अमेरिकेत युद्ध संपल्याची बातमी आली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला, वायद्यांची मुदत भरली त्या दिवशी, अर्धे शहर देणेकरी निघाले. मुंबईच्या इतिहासात ही कथा शेअरबाजाराची म्हणून सांगितली जाते. अमेरिकेच्या बलाबलाच्या हिशेबात तिची जागा वेगळी आहे: दक्षिणेच्या राजाला पदच्युत करण्यात वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचाही हात लागला. ब्रिटनने दक्षिणेला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता दिली नाही ती नाहीच.

आता कारणांकडे येऊ. दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली, गुलामगिरी हे निमित्त होते, असे अजूनही पुष्कळ जण सांगतात. त्याला उत्तर द्यायला इतिहासकाराची गरज नाही. फुटून निघताना त्या राज्यांनी काय लिहून ठेवले ते वाचावे. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात अगदी सुरुवातीलाच म्हटले आहे की आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप झालेली आहे. साउथ कॅरोलायना सर्वांत आधी, २० डिसेंबर १८६० रोजी बाहेर पडली. तिची तक्रार तर राज्यांच्या हक्कांच्या नेमकी उलट होती. उत्तरेतली राज्ये पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, त्यासाठी स्वतःचे कायदे करतात, हे तिला खुपत होते. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपला हक्क वापरलेला दक्षिणेला चालत नव्हता. १८५०च्या फरारी गुलाम कायद्यासाठी याच पुढाऱ्यांनी केंद्राचे हात बळकट केले होते. पुढे त्यांनी स्वतःची राज्यघटना केली तेव्हा गुलामांच्या मालकीवर घाला घालणारा कोणताही कायदा करायला तिने मनाई केली, आणि एका राज्यातला मालक आपले गुलाम घेऊन दुसऱ्या राज्यात गेला तर त्याला अडवण्याचा हक्क राज्यांकडे ठेवला नाही.

नव्या राष्ट्राचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथल्या भाषणात सगळे स्पष्ट केले. आमच्या राज्याची कोनशिला हीच की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे पुन्हा लागेल.

यामागे पैसा किती होता हेही पाहायला हवे. बाजारभावाने गुलामांची एकूण किंमत तीन अब्ज डॉलरच्या वर होती. साऱ्या देशातल्या रेल्वे आणि कारखाने मिळून जेवढे भांडवल गुंतले होते त्याहून जास्त. फुटून निघालेल्या राज्यांत दहापैकी तीन गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात जवळजवळ निम्म्यांकडे. त्या दोन राज्यांत गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या जास्त होती. ज्याच्याकडे एकही गुलाम नव्हता त्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यालाही एक गोष्ट फुकट मिळालेली होती: आपल्या खाली कोणीतरी कायमचे आहे, ही खात्री. जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

उत्तरेचे कारण मात्र इतके स्वच्छ नव्हते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ४ मार्च १८६१ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेताना लिंकन यांनी ग्वाही दिली की जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावण्याचा आपला इरादा नाही. ती नव्या प्रदेशांत पसरू नये एवढेच त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. केंटकी, मेरीलँड, मिसुरी, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी चार राज्ये संघराज्यातच होती आणि ती हातची जाऊ नयेत याची लिंकन यांना सतत चिंता होती. न्यूयॉर्कच्या सावकारांचा पैसा कापसात गुंतलेला होता. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली तेव्हा जमावाने काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. उत्तर सुरुवातीला संघराज्य वाचवण्यासाठी लढत होती. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीत जन्मलेले आणि पळून जाऊन मोठे वक्ते झालेले. ते पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होते की गुलामगिरीला न दुखवता गुलाममालकांशी लढणे म्हणजे एक हात पाठीला बांधून लढणे. वॉशिंग्टनमध्ये त्यांचे ऐकायला बराच उशीर झाला.

ऐकायला लावले ते तिघांनी. २३ मे १८६१ची रात्र. त्याच दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केले होते. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधण्याच्या कामावर होते. मालक आपल्याला बायकामुलांपासून तोडून नॉर्थ कॅरोलायनात नेणार असे त्यांना कळले. रात्री एका होडीतून वल्ही मारत ते खाडी ओलांडून फोर्ट मन्रो या किल्ल्याशी गेले. व्हर्जिनियातला हा किल्ला अजून उत्तरेच्या ताब्यात होता. तो ज्या टोकावर उभा आहे तिथेच १६१९ साली आफ्रिकेतून आणलेली पहिली माणसे इंग्रजांच्या या वसाहतीत उतरवली गेली होती.

किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा काही गुलामांचा कैवारी नव्हे. १८६०च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्याने उमेदवारीसाठी पुन्हा पुन्हा जेफरसन डेव्हिसलाच मत दिले होते. पण तो वकील होता, तोही कसलेला. दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन शत्रूचा एक मेजर आला आणि फरारी गुलाम कायद्यानुसार माणसे परत द्या म्हणाला. बटलरने उत्तर दिले की तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू पडेल? शिवाय तुम्ही यांना मालमत्ता समजता आणि युद्धाच्या कामाला लावता. तेव्हा शत्रूचे युद्धसाहित्य म्हणून आम्ही यांना जप्त करतो. युक्तिवाद तसा माणुसकीला धरून नव्हता, त्यात माणूस वस्तूच राहत होता. पण दक्षिणेचाच सिद्धान्त घेऊन त्याने दक्षिणेचे दार बंद केले.

ही बातमी आसपासच्या मळ्यांवर कशी पोचली कोण जाणे, पण दोनच दिवसांत आणखी माणसे आली, मग कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. हाती लहान मूल, डोक्यावर बोचके. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला त्यासाठी कायदा करावा लागला. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या फळ्यांमागे येऊन पोचलेल्यांचा अंदाज पाच लाखांच्या घरात जातो. १८६०च्या तक्त्यातला तो जवळजवळ रिकामा रकाना आठवून पाहा. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी पुढारी नेमला नव्हता. जिथे उत्तरेच्या सैन्याचा निळा डगला दिसेल तिथे माणसे चालत गेली आणि प्रत्येक पावलागणिक दक्षिणेच्या रकान्यातून एक वजा आणि उत्तरेच्या रकान्यात एक अधिक होत गेले. माझ्या मते या युद्धातली सर्वांत मोठी घडामोड हीच, गेटिसबर्गच्या लढाईहूनही मोठी.

काही जण नुसते आले नाहीत. १३ मे १८६२च्या पहाटे चार्ल्सटन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले असताना, ‘प्लांटर’ ही दक्षिणेची सशस्त्र बोट हाकारली. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून, किल्ल्यांना नेमक्या शिट्ट्या देत, बायकामुलांसह तो तोफांच्या माऱ्याबाहेर पडला आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे तो साउथ कॅरोलायनातूनच काँग्रेसवर निवडून गेला. जून १८६३ मध्ये त्याच राज्यात कोंबाही नदीवर, स्वतः गुलामीतून पळालेल्या हॅरिएट टबमन यांनी वाट दाखवलेल्या स्वारीत एका रात्रीत सातशेहून अधिक गुलाम सुटले.

जी माणसे पळू शकली नाहीत त्यांनीही मालकांचा हिशेब बिघडवला. मळ्यावरचे गोरे पुरुष युद्धावर गेल्यावर काम मंदावले, हुकूम ऐकेनासे झाले. गुलाम हे बळ आहे असे म्हणणाऱ्या सरकारला त्या बळावर पहारा ठेवायला माणसे लागू लागली. ऑक्टोबर १८६२ मध्ये रिचमंडच्या काँग्रेसने कायदा केला की वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला सक्तीच्या भरतीतून सूट मिळेल. गरीब शेतकऱ्यांच्या घरात याचा अर्थ लगेच कळला: युद्ध श्रीमंतांचे, मरण आमचे. सैन्यातून पळ काढणाऱ्यांची संख्या वाढत गेली. कापूस सोडून मका लावा अशा विनवण्या करूनही कित्येक मळेवाल्यांनी ऐकले नाही. नोटा छापून छापून पैशाची माती झाली. २ एप्रिल १८६३ रोजी राजधानी रिचमंडमध्येच भुकेल्या बायकांनी दुकाने फोडली. डेव्हिस स्वतः रस्त्यावर आले, खिशातली नाणी त्यांच्यापुढे फेकली आणि पांगला नाहीत तर गोळीबार होईल असे बजावले.

दरम्यान उत्तरेचे कारण बदलले होते. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २३,००० माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, आणि पाच दिवसांनी लिंकन यांनी जाहीर केले की १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर मुलखातले गुलाम मुक्त समजले जातील. संघराज्यात राहिलेल्या चार राज्यांना यातून वगळले होते, म्हणून जाहीरनाम्याला पुष्कळ नावे ठेवली जातात. पण १ जानेवारीच्या अंतिम जाहीरनाम्यात काळ्या माणसांना सैन्यात घेण्याची तरतूद होती, आणि तिथून पारडे झुकू लागले. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या भूदलात भरती झाले. त्यांतले बहुतेक गुलामी असलेल्या राज्यांतले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना कपड्याचे कापून ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा कमी पगार घ्यायलाच नकार दिला आणि पगाराविना लढत राहिली. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅगनरच्या वाळूच्या तटावर ती चालून गेली, तेव्हा डग्लस यांचा मुलगा लुईस तिच्यात होता. समान वेतन जून १८६४ मध्ये मिळाले. त्याच ऑगस्टमध्ये लिंकन म्हणाले की काळे सैनिक काढून घेतले तर तीन आठवड्यांत युद्ध सोडून द्यावे लागेल.

आणि मग तो विचित्र शेवट. १८६५च्या सुरुवातीला दक्षिणेकडे माणसेच उरली नाहीत, तेव्हा लीसकट काही जण म्हणू लागले की आपणही गुलामांना बंदुका देऊ. जॉर्जियाचे पुढारी हॉवेल कॉब यांनी संतापून कळवले की गुलाम चांगले सैनिक होऊ शकत असतील तर गुलामगिरीची आपली सगळी उपपत्तीच चुकीची ठरते. त्यांना नेमके समजले होते. राज्य वाचवायचे तर ज्या कारणासाठी राज्य केले तेच सोडावे लागणार होते. मार्चमध्ये कायदा झाला, रिचमंडच्या रस्त्यांवर थोड्याशा माणसांची कवायत झाली, आणि ३ एप्रिलला शहर पडले. आत शिरलेल्या उत्तरेच्या पहिल्या तुकड्यांत काळे सैनिक होते.

९ एप्रिलला लीने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी सैनिकांना दिलेल्या निरोपाच्या आदेशात त्याने पराभवाचे कारण सांगितले: शत्रूची प्रचंड संख्या आणि साधनसामग्री. आपल्या पुस्तकांतल्या कोष्टकाला हेच कारण सोयीचे पडत आले. शूर पण थोडे विरुद्ध अनेक पण श्रीमंत, असे चित्र त्यातून तयार होते आणि कारणाचा प्रश्न अलगद बाजूला पडतो. १८६८ मध्ये अलेक्झांडर स्टीफन्स यांच्या जाडजूड ग्रंथाचा पहिला भाग निघाला. युद्ध राज्यघटनेच्या अर्थावरून झाले, गुलामगिरी त्यात दुय्यम होती, असे आता ते मांडू लागले. सात वर्षांपूर्वी सव्हानाला कोनशिला दाखवणारे ते हेच.

युद्धात मेलेल्यांचा आकडा सहा लाखांच्या वर आहे. अलीकडचे काही अभ्यासक तो साडेसात लाखांपर्यंत नेतात. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने सबंध अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. १८७०च्या जनगणनेत दुसरा तक्ता नव्हता.

आपल्याकडे मुंबईने या युद्धात कापसाचा भाव पाहिला. पुण्यात एका माणसाने त्याचे कारण पाहिले. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या लोकांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी जे औदार्य, जो त्याग दाखवला त्याबद्दल ही अर्पणपत्रिका होती, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून मोकळे करताना तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी तिथेच लिहून ठेवली.